एका सालातले दोन 'मी'

अमेरिकन रोमँटिक चळवळ वाचताना मी १८४५ सालाशी अडतो.

त्या साली ४ जुलैला हेन्री थोरो इमर्सनच्या जमिनीवर, वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहायला गेला. माणसानं आतला आवाज ऐकावा, निसर्गात जावं, ही इमर्सनची शिकवण त्यानं जगून बघितली.

त्याच साली पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस या गुलामानं आपली जीवनकथा छापली. तोही 'मी'च म्हणाला. पण त्या 'मी'पायी पुन्हा पकडलं जायची पाळी आली, समुद्र ओलांडून ब्रिटन गाठावं लागलं. रान त्यानंही बघितलं होतं. मार खाऊन पळाला, तेव्हा रानातच लपला.

थोरो खोटा नव्हता. गुलामी पोसणाऱ्या सरकारला त्यानं कर दिला नाही, १८४६ला एक रात्र तुरुंगात काढली. पण त्याच मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या गिरण्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालत होत्या. मी गिरणीतला. सूत दिसलं की कापूस कुणी वेचला, हे मला दिसतंच.

दोस्तहो, थोरो वाचा. पण डग्लस शेजारी ठेवून वाचा. जोतीरावांनी १८७३ला 'गुलामगिरी' अर्पण केली, ती अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्यांना. तळ्याला नाही.