बांधाबांध

माळ्यावरची ट्रंक खाली आली की आमची मे महिन्याची सुट्टी सुरू होई. निकाल एक तारखेला लागे. पण तो कसाही लागला तरी आजोळी जायचंच असे, तेव्हा खरा मुहूर्त ट्रंकेचा. दादा स्टुलावर चढत, मी खालून स्टूल धरी, आणि वर्षभराच्या धुळीचा एक लोट घेऊन ती काळी पत्र्याची ट्रंक खाली येई. झाकणावर दादांच्या हातची पांढरी अक्षरं होती : नाव, खातं, मुक्काम कऱ्हाड. ट्रंक जमिनीला टेकायच्या आत आई नाकाला पदर लावून परसात निघून जाई. आईला या बांधाबांधीची हौस नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

दादा पाटबंधारे खात्यात भांडारपाल होते. सिमेंटची पोती, फावडी, घमेली यांचा हिशेब ठेवण्यात त्यांचा जन्म गेला. असा माणूस सुट्टीला निघायचा म्हणजे काय होत असेल, याची कल्पना ज्यांनी सरकारी कचेरीतली जडवस्तूंची नोंदवही पाहिली आहे त्यांना येईल. प्रवासासाठी त्यांनी एक वहीच घातली होती. लांबट, लाल कापडी पाठीची. 1986 पासूनच्या नोंदी तिच्यात आहेत. पानावर तीन रकाने : पहिला वस्तूचा, दुसरा ‘नेली’चा, तिसरा ‘लागली’चा. पहिले दोन निघण्यापूर्वी भरायचे, तिसरा परत आल्यावर.

आता सामानाची यादी कोण करत नाही? पण घरी परतल्यावर तिसरा रकाना भरणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. प्रवासाहून आलेल्या माणसाला आंघोळ आणि झोप यांपलीकडे काही सुचत नाही. दादा मात्र हातपाय धुऊन, चहा घेऊन ट्रंकेपुढे मांडी ठोकत आणि एकेक जिन्नस बाहेर काढीत आईला विचारीत :

“सतरंजी?”

“लागली.”

“दुसरी सतरंजी?”

“नाही लागली.”

दुसरी सतरंजी पुढल्या वर्षी घरी राही. त्यांचा कायदाच तसा होता. नेलं आणि लागलं नाही, ते पुन्हा न्यायचं नाही; नेलं नाही आणि लागलं, ते पुन्हा विसरायचं नाही. एकाच बाबतीत हा कायदा जरा उशिरानं लागू झाला. ‘1988. मुलांचा अभ्यास, वह्या व शिसपेन्सिली. नेल्या. लागल्या नाहीत.’ ‘1989. वरीलप्रमाणे.’ ‘1990. वरीलप्रमाणे.’ आणि मग 1991 साली, एका बापाच्या हरलेल्या अक्षरात, ‘नेल्या नाहीत.’ उलट सुतळीची कमाई पाहा. पहिल्या वर्षी ‘नेली नाही. लागली.’ पुढच्या वर्षी एक गुंडी. त्याच्या पुढच्या वर्षी दोन. कोकणातून परतताना सुतळी कधी पुरतच नाही.

त्या वहीत शहाणपण आहे आणि ते सगळं पैसे मोजून मिळवलेलं आहे. ‘खोबरेल तेलाची बाटली आडवी ठेवली. ठेवू नये.’ आमच्याकडे थंडीत गोठून दगड झालेलं खोबरेल मेच्या उकाड्यात पाण्यासारखं पातळ होतं आणि बुचाच्या फटीतून वाट काढतं. त्या वर्षी मामीला द्यायची साडी त्यानं न्हाऊन निघाली. तेव्हापासून बुचाखाली प्लॅस्टिकचा कपटा, वर रबर आणि बाटली ट्रंकेच्या कोपऱ्यात उभी. ‘आगळाची बाटली कपड्यांत ठेवली.’ याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. कोकमाच्या आगळाचा डाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कपडे घडी न करता वळकटी करून भरावेत, म्हणजे चुण्या कमी पडतात आणि ट्रंक न उपसता हवा तो सदरा निघतो. टॉवेल नेऊ नयेत, पंचे न्यावेत. समुद्राकाठच्या दमट हवेत टॉवेल दोन दिवस वाळत नाही. आणि जाताना ट्रंक अर्धी रिकामी न्यावी. येताना फणसपोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि मामीचा आग्रह एवढं सगळं तिच्यात बसायचं असतं. आंबे मात्र ट्रंकेत घालायचे नाहीत. पिकता आंबा ऊब धरतो. त्याला पेंढ्यात, फटीफटींच्या लाकडी पेटीतच ठेवावं.

ट्रंक एसटीच्या टपावर जाई. “टपावर गेलेलं सामान चिपळूणपर्यंत परमुलखात,” असं दादा म्हणत. वाटेत जे लागेल ते हातपिशवीत हवं : पाणी, सुटे पैसे, लिंबू, आवळासुपारी, जुनी वर्तमानपत्रं आणि माझा एक जादा सदरा. कोयनानगर मागं पडून कुंभार्लीची वळणं लागली की त्या सदऱ्याचा उपयोग होई. घाटाखाली पोफळी येईपर्यंत मी निम्मा रिकामा झालेला असे. चिपळूणला गाडी बदलायची, गुहागरची धरायची, मधल्या एका फाट्यावर उतरायचं आणि जांभ्या दगडाची पाखाडी चढून मामाच्या अंगणात. माझ्या आयुष्यातला सर्वांत लांबचा प्रवास अजून तोच आहे.

1993 साली मी 11 वर्षांचा होतो. त्या वर्षी दादांनी पहिल्यांदा वही आणि शिसपेन्सिल माझ्या हाती दिली. ते ट्रंकेत वस्तू ठेवणार, आई आतून आणून देणार, आणि मी दुसऱ्या रकान्यात बरोबरची खूण करणार. केवढा मान! पण बाहेर गल्लीत विटीदांडू रंगला होता आणि दादा प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिच्याकडे दोनदा पाहत. शेवटी शेवटी मला दम निघेना. ते दोर आणायला परसात गेले तेवढ्यात मी उरलेल्या सहा-सात ओळींपुढे एका दमात खुणा ओढल्या, वही मिटली आणि पळालो. त्या सहा-सात ओळींत एक ओळ होती, ‘हिचा पंप.’

आईला दमा होता. ट्रंकेची धूळ, परसात निघून जाणं, सगळं त्यापायी. पण आमच्या घरात त्या शब्दाचा उच्चार होत नसे. वहीतसुद्धा ‘हिचा पंप’ एवढंच.

आजोळी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी आंब्यांची आढी घालायचं निघालं. माळ्यावरून भाताचा पेंढा खाली टाकायचा, खोलीभर पसरायचा, त्यावर आंबे मांडायचे, वर पुन्हा पेंढा. माहेरी आल्यावर आई कुणाचं ऐकत नसे. दिवसभर ती त्या पेंढ्याच्या कोंदट खोलीत वाकून आंबे मांडत होती. रात्री कसल्याशा आवाजानं मला जाग आली. आधी वाटलं, कुणीतरी शिट्टी वाजवतं आहे. ओटीवरच्या पिवळ्या दिव्याखाली आई पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती आणि तो आवाज तिच्या छातीतून येत होता.

दादा ट्रंक उपसत होते. इतकी वर्षं ज्या माणसानं वळकटीची घडी मोडू दिली नव्हती, तो दोन्ही हातांनी कपडे जमिनीवर फेकत होता. ट्रंकेचा तळ दिसला तेव्हा त्यांनी वही घेतली, दिव्याखाली धरली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. ‘हिचा पंप.’ पुढं माझी खूण. दादांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खांबामागे होतो.

ते काही बोलले नाहीत. मामानं खालच्या वाडीतून आंबेवाल्याची जीप मिळवली. आईला खुर्चीवर बसवून चौघांनी पाखाडी उतरवली. कंदिलाच्या उजेडात ती खुर्ची हेलकावे खात खाली जाताना मी अंगणाच्या कडेवरून पाहत होतो. गुहागरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, प्राणवायू लावला. सकाळी नऊच्या सुमारास आई जीपमधून उतरली आणि आपल्या पायांनी, दर दहा पायऱ्यांवर थांबत, वर आली. मला तिनं विचारलं, “चहा घेतलास का रे?”

परतल्यावर दादांनी रिवाजाप्रमाणे तिसरा रकाना भरला. ती नोंद अजून आहे. ‘हिचा पंप.’ दुसऱ्या रकान्यात माझी वाकडी खूण आणि तिसऱ्यात दादांचं वळणदार अक्षर, ‘लागला.’ खूण त्यांनी खोडली नाही. माझ्या नावावर आज तीन कादंबऱ्या आहेत. पण माझं पहिलं कल्पित लेखन ते.

1994 च्या मे महिन्यात ट्रंक खाली आली तेव्हा मी कोपऱ्यात उभा होतो. दादांनी वही पुढं केली. “धर. वस्तूला हात लावल्याशिवाय खूण करायची नाही.” एवढंच. आणि त्यांनी मागच्या पानावर एक नवीन यादी लिहिली होती : ‘उंबऱ्यावरची.’ विसरतं ते नेहमी शेवटपर्यंत वापरात असलेलं. कपडे चार दिवस आधी भरता येतात; चष्मा, कवळी, दात घासायचा ब्रश, उशाखालचं औषध हे निघायच्या घटकेपर्यंत बाहेरच असतं, आणि निघायच्या घटकेला डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून ही यादी वेगळी. ती दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायची आणि कुलूप हातात घेऊन वाचायची. शेगडी बंद, मुख्य बटण बंद, तुळशीचं शेजारी सांगितलं, आणि सगळ्यांत वर, ‘हिचा पंप (2). एक हातात, एक ट्रंकेत.’

पुढं मी चित्रकलेचा मास्तर झालो आणि स्वतःची अक्कल वापरू लागलो. दहावीवर थांबलेल्या माणसाला आपल्या अकलेबद्दल जरा जास्तच खात्री असते. ट्रंक भंगारात दिली, चाकांची बॅग आणली. त्या चाकांनी पाखाडीच्या दुसऱ्याच पायरीवर प्राण सोडला. बाकीची वाट ती बॅग मी डोक्यावरून नेली. 2017 साली दादा गेले. त्यानंतर आजोळी जाणं सुटलंच. वही आईच्या कपाटात होती. मी ती कधी मागितली नाही.

2025 च्या एप्रिलमध्ये आईनंच विषय काढला. ती आता 76 वर्षांची आहे. मी मोटार ठरवतो म्हटलं तर ऐकेना. 2022 साली राज्य सरकारनं 75 वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत केला, आणि पुढच्या वर्षी बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासून मोटार हा तिला उधळेपणा वाटतो. “आम्हां तिघींत मिळून एक तिकीट,” तिनं हिशेब मांडला. ती फुकट, माझी बायको अर्धी, मुलगी अर्धी. पुरं तिकीट माझं एकट्याचं. दादांच्या घरात चाळीस-पन्नास वर्षं काढल्याचा परिणाम. त्यासाठी तिचं आधारकार्ड मात्र हातपिशवीत हवं. ही भर वहीत मी घातली.

वही तिनंच काढून दिली. मुलगी 11 वर्षांची. ती म्हणत होती, यादी फोनवर करू. पण लाल पाठीची वही पाहिल्यावर ती पानं उलटत बसली, वह्या-शिसपेन्सिलींच्या नोंदीवर मनसोक्त हसली आणि मग थांबली.

“बाबा, ही वाकडी खूण कुणाची?”

मी बॅगेची साखळी लावत होतो. म्हटलं, “माझी.” आणि मग, कसं कोण जाणे, सगळं सांगितलं. सहा-सात ओळी, विटीदांडू, खांब. आई पलंगावर पंचे वळत बसली होती. माझं सांगून झालं तरी तिचे हात चालूच होते.

“पंप खिडकीत होता,” ती म्हणाली. “रात्री लागला होता, म्हणून मीच ठेवला होता हाताशी. ह्यांनी विचारलंही होतं परसातून, पंप दिलास का? मी म्हटलं, हो. दिलाय असंच वाटलं मला.” तिनं पंचा बाजूला ठेवून दुसरा घेतला. “तुझ्या खुणेचं काय त्यात?”

32 वर्षं मी ती खूण बाळगली होती. त्या घरात आणखी कुणी तसंच काही बाळगून असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी वही मुलीकडून घेऊन पुढची पानं पाहिली. 1994, 1995, 1996, आणि तशीच दादांच्या शेवटच्या वर्षापर्यंत प्रत्येक पानावर तीच ओळ : ‘हिचा पंप (2). नेला. लागला नाही.’ दुसरी सतरंजी एका वर्षात घरी बसवणाऱ्या माणसानं एवढ्या वर्षांत हा एक जिन्नस यादीतून काढला नव्हता.

मुलीनं प्रत्येक वस्तूला हात लावून खुणा केल्या. आम्ही गेलो. आढीची खोली आईनं उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून पाहिली आणि तिथूनच सुनेच्या चुका काढल्या. पाऊस मुंबईत एरवी 11 जूनच्या सुमाराला येतो. त्या वर्षी तो 26 मेलाच तिथं पोचला. कोकणात तर त्याच्या आधीच कोसळत होता. आम्ही पेंढा झाकत आणि पंचे वाळवत चार दिवस घरात कोंडून घेतले, आणि येताना आंब्यांच्या दोन पेट्यांऐवजी एकच आणली.

घरी आल्यावर हातपाय धुऊन, चहा घेऊन मुलगी बॅगेपुढे बसली.

“छत्री?”

“लागली,” आई म्हणाली.

“पंप?”

“नाही लागला.”

“दुसरा पंप?”

“नाही लागला.”

मुलीनं दोन्ही लिहिलं. पेन्सिल तशीच धरून ती पहिल्या रकान्याकडे पाहत राहिली. कायदा तिला ठाऊक झाला होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि पुढची ओळ वाचली.

“सुतळी?”