बंद भांड्यातली हरारत

उर्दू शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तापमानाला 'दर्जा-ए-हरारत' म्हणतात. घरात मात्र हरारत म्हणजे अंगातली कणकण. अम्मी कपाळाला हात लावून ती ओळखते. पण खरा आकडा थर्मामीटर जिभेखाली गेल्यावरच कळतो. रसायनशास्त्रात कधी कधी असा आजारी भेटतो, की ज्याचे तोंड उघडता येत नाही.

१९१२ साली नोबेल मिळालेल्या ग्रिन्यारची अभिक्रिया घ्या. तिला मॅग्नेशियम आणि कोरडे ईथर लागते. हवा आणि ओलावा अजिबात चालत नाही. म्हणून भांड्यातली हवा काढून नायट्रोजन भरतात. बराच वेळ काहीच घडत नाही, मग एकाएकी उष्णता उसळते. ईथर ३५ अंशांनाच उकळते. आमच्या यावलच्या मे महिन्यात तर सावलीतही उकळेल. भांड्याबाहेरच्या पाण्यातला थर्मामीटर आतली उसळी उशिरा सांगतो. म्हणून तळ बंद असलेली नळी भांड्याच्या तोंडातून आतल्या द्रवात बुडवून पक्की बसवतात, तिच्यात थोडे तेल घालतात आणि थर्मामीटर त्या तेलात ठेवतात. हवा आत जात नाही, आतली हरारत मात्र बाहेर कळते. कारखान्यात ही नळी धातूची असते. तिला थर्मोवेल म्हणतात.

नुसता आकडा दिसून भागत नाही, आवरायची सोयही चालू लागते. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. आतले मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांना उकळणारे. ते थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती. टाकी तापत गेली आणि वायूने हजारो माणसांचा जीव घेतला.

भोपाळ दूर वाटते. पण यावलवरून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता शिरपूरवरून जातो. शिरपूरजवळच्या वाघाडीत ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, दहाहून अधिक माणसे गेली. याच रस्त्याने आपली मुले अंकलेश्वरच्या कारखान्यांत रोजीसाठी जातात. त्यांच्यापुढे बंद रिअॅक्टर असतो आणि काट्यावर एक आकडा. तो आकडा बाहेरच्या जॅकेटचा की आतल्या मालाचा, हे ओळखण्याइतकी तालीम त्यांना शाळेतच मिळाली पाहिजे. उर्दूत मिळो की मराठीत. "साहेब, आतले तापमान कुठे दिसते?" असे विचारणे ही बेअदबी नव्हे, हेही आम्ही वर्गात सांगतो.