आजीचे गाणे

आमच्या घराण्यात गाणारे कोणी झाले नाही, असे आमचे वडील मोठ्या निश्चयाने सांगत. पणजोबा कीर्तनात टाळ धरीत. एका चुलत आजोबांनी बाजाची पेटी बाळगली होती, परंतु तिचा उपभोग त्यांच्यापेक्षा उंदरांनीच अधिक घेतला. एवढे सांगून वंशावळीतील संगीताचे प्रकरण ते मिटवीत. ज्या माउलीच्या मांडीवर ओव्या ऐकत ते लहानाचे मोठे झाले, तिचे नाव या यादीत नसे. त्यांच्या मनात काही दुजाभाव होता असे मुळीच नव्हे. बैठकीत तंबोऱ्याच्या साथीने होते ते गाणे आणि मागच्या पडवीत पहाटेच्या अंधारात होते ते दळण, अशी त्या पिढीची सरळ वाटणी होती. ती कितपत न्याय्य होती याचा विचार आम्ही आता, पन्नाशी उलटल्यावर, करू लागलो आहो.

आजीचे माहेर रोहा आणि सासर पेण. १९८१ सालापासून ज्याला रायगड म्हणतात, त्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलीच ही दोन्ही गावे. तिचा जन्म १९१८ सालचा. कुंडलिकेच्या काठी वाढलेल्या या मुलीची शाळा मराठी चौथीत संपली, पण कानांची शाळा चालूच राहिली. देवळातली कीर्तने आणि दसऱ्यानंतर निघणाऱ्या धावीर महाराजांच्या पालखीतली भजने तिने नुसती ऐकून पाठ केली होती. शारदा कायद्याने १ एप्रिल १९३० पासून मुलीच्या लग्नास चौदा वर्षांची मर्यादा घातली. आजीने ती मर्यादा ओलांडताच, १९३२ साली, तिचे लग्न झाले आणि नागोठण्यावरून बैलगाडीने ती पेणेस आली.

मुलूख भाताचा, भाकरी तांदळाची, आणि पीठ रोजच्या रोज लागावयाचे. पहाटे चारच्या सुमारास आजी आणि तिच्या सासूबाई जात्याशी समोरासमोर बसत. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. मधूनमधून मूठभर वैरण घालावयाची, पण फेरा मोडू द्यावयाचा नाही. आजीची चाल या फेऱ्यातूनच निघे. तीन चरण पुरे म्हणून चौथा अर्ध्यावर सोडावयाचा आणि दम घ्यावयाचा. तेवढ्यात जाते आपल्याच ओढीने पुढे गेलेले असे.

आमच्या थोरल्या आत्या सांगत की, या दोघींची भांडणेही जात्यावरच तुटत. आदल्या दिवशी सांडलेल्या तेलावरून खटका उडालेला असला, तर आजीने माहेरच्या गाडीची वाट पाहणारी ओवी घालावी. सासूबाईंनी उतावळ्या सुनेवर लगेच एक रचावी. त्यावर आजीने देवाला साक्षीस बोलवावे. सुनेस सासूपुढे बोलण्याची मुभा नव्हती, परंतु गाण्याची होती. दळण आटोपेपर्यंत दोन्ही बाजूंचे म्हणणे पुरते मांडले गेलेले असे. आजच्या शिकल्यासवरलेल्या घरांत कित्येकदा वकील देऊनही इतके साधत नाही.

त्याच सुमारास हिराबाई बडोदेकर तिकिटे लावून जलसे करीत होत्या आणि कुलीन घरांतील मुलींना गाण्याची वाट हळूहळू मोकळी होत होती. ती वाट आमच्या पडवीपर्यंत मात्र आली नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांच्या चाली, अशी ती ५६ गीते पुढे वर्षभर चालली. शेजारी रेडिओ होता. आजी परसात तुळशीपाशी उभी राहून ऐके, आणि दोनचार दिवसांत ते पद तिने दळणाच्या फेऱ्यावर बसविलेले असे. फडक्यांच्या कानी ते पडते, तर ते रागावते की हसते, हे सांगवत नाही.

१९५९ साली आजोबा वारले. आजी तेव्हा ४१ वर्षांची होती. पेण हे गणपती घडविणाऱ्यांचे गाव. श्रावणात तेथे मूर्तींना रंग चढत असे आणि घराघरांत मंगळागौरी जागत असत. जेथे तिला पूर्वी हाताला धरून नेत, तेथे आता कोणी बोलवीना. तिच्याइतके पाळणे आळीत कोणास येत नव्हते. तरी बारशाचा पाळणा म्हणावयास सवाष्णच हवी! राहिले जाते. त्याने कोणाचे कपाळ कधी पाहिले नाही. परंतु पुढे पाचसहा वर्षांत आळीत पिठाची गिरणी आली, आणि आजीचे कष्ट वाचावेत म्हणून घरच्यांनी जाते उचलून कोठीत ठेवले. कष्ट वाचले हे खरेच. दळून दळून दुखावलेले तिचे खांदे पुढे जन्मभर ठणकत, तेव्हा जात्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. तथापि कष्टांबरोबर गाण्याची जागाही गेली. आम्ही नातवंडे जन्मलो तेव्हा कोठे तिला पुन्हा निमित्त सापडले. आम्हांस निजविताना ती गाई, आणि आम्ही निजल्यावरही बराच वेळ गात राही, असे आई सांगे.

१९८३ च्या दिवाळीत आमच्या काकांनी मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला. आजीस समोर बसवून, सर्वांस गप्प करून, त्यांनी गाण्याची आज्ञा केली. आजीच्या तोंडून अक्षर फुटेना. शेवटी ती म्हणाली, "अरे, हात रिकामा असला की मला आठवत नाही." मग कोठीतले जाते निघाले, मूठभर तांदूळ आले, आणि पासष्ट वर्षांची आजी तासभर गायली. ध्वनिफितीवर दगडाचा आवाज अधिक आणि शब्द कमी, म्हणून काका हिरमुसले. वर्ड्स्वर्थची 'द सॉलिटरी रीपर' ही कविता आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहो. शेतात कापणी करताना गाणाऱ्या मुलीचे शब्द कवीस कळत नाहीत, तरी तिचे सूर तो मनात घेऊन जातो. त्या मुलीस विळा खाली ठेवून गावयास सांगितले असते तर तिचे काय झाले असते, हे आम्ही आजीकडे पाहून शिकलो.

१९९१ साली आजी गेली. ती फीत आता आमच्यापाशी आहे. यंत्राने जात्याची घरघर काढून केवळ आवाज ठेवता येतो, असे आमच्या एका सहकाऱ्यांनी सुचविले. आम्ही नको म्हटले. शब्दांची चिंता नाही. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या जमविल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. या संग्रहांचे मोल मोठे आहे. परंतु गाणाऱ्या बाईचा हात कशावर होता आणि समोर कोण बसले होते, हे छापील ओवीवरून नेहमीच कळते असे नाही.

फितीहूनही आम्हांस एक प्रवास अधिक मोलाचा वाटतो. १९८६ साली आगगाडी रोह्यापर्यंत गेली. पुढच्याच वर्षी आजीस घेऊन आम्ही पेणेहून तिच्या माहेरी निघालो. कासू मागे पडले, चाकांचा ठेका जमला, आणि आजी खिडकीशी पुटपुटू लागली, मग मोठ्याने. समोर मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन काही बायका बसल्या होत्या. आजीने चरण अर्ध्यावर सोडून दम घेतला, तोच त्यांतील एकीने आपली ओवी घातली. बोली निराळी, पण फेरा तोच. नागोठणे आले नि गेले. रोह्यापर्यंत देवाणघेवाण चालली होती. उतरताना त्या बाईने आजीच्या गळ्याची मनापासून तारीफ केली. परक्या माणसाच्या तोंडून ती आम्ही प्रथमच ऐकत होतो.

आजीने पदर सावरला आणि म्हणाली, "गाणे कसले, बाई! सवय आहे झाले."

हे उत्तर आम्ही पुढे निराळ्या संदर्भात पुन्हा ऐकले. रियाजाविषयी विचारले असता चांगले चांगले गवईही तेच सांगतात.