वरच्या खिडकीतून पाहिलेलं छप्पर

मागच्या अंगणात काचेची खोली काढायची ठरली आणि घरभर माहितीपत्रकं पसरली. लेस्टरमधलं आमचं घर १९३० च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड. अशा घराला मागे ३ मीटरपर्यंत वाढायला सहसा नियोजन परवानगीचा अर्ज लागत नाही, त्यामुळे लांबीचा प्रश्न मिटला होता. वाद होता छपराचा. ह्यांना दुपाखी गेबल हवं होतं, आत ऐसपैस उंची मिळते म्हणून. लेकीला आढ्यावर नक्षी असलेलं व्हिक्टोरियन आवडलं होतं.

मी टेप घेऊन वर झोपायच्या खोलीत गेले. छप्पर भिंतीला मिळतं ते या खिडकीच्या खाली. तिथे भिंत किती शिल्लक आहे, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. आमची खोली ५ मीटर रुंद होणार होती. २५ अंशांच्या उताराचं गेबल मधोमध सव्वा मीटरच्या आसपास चढलं असतं, थेट खिडकीच्या चौकटीवर. व्हिक्टोरियनचं आढंही तिथेच आलं असतं. एकपाखी लीन-टू १५ अंशांवर जेमतेम ८० सेंटिमीटर चढतं. ते बसत होतं.

चिपळूणहून आलेल्या सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, “अगं, पण पाणी कुठे जाणार?” कोकणातला पाऊस पाहिलेल्या माणसाचा प्रश्न! गेबलचं एक पाखं शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे उतरलं असतं, म्हणजे तिकडे पन्हळ आलीच, आणि ती हद्दीबाहेर जाता कामा नये. लीन-टूचं सगळं पाणी समोर, आपल्याच बागेत. मग ह्यांनीही गेबलचा हट्ट सोडला.

राहिलं ते काय घालायचं एवढंच. पॉलिकार्बोनेट स्वस्त, पण पावसात त्याखाली बोललेलं ऐकू येत नाही, आणि इथे पाऊस वर्षभर. कौलांचं भरीव छप्पर उबदार असतं. त्याला बिल्डिंग कंट्रोलची मंजुरी लागते, पण ती मिळवता आली असती. मी नको म्हटलं ते आमच्या जेवणाच्या खोलीसाठी. तिला उजेड फक्त याच बाजूने येतो. डिसेंबरात चार वाजता अंधार पडणाऱ्या देशात आहे तो उजेड कौलांखाली झाकून टाकणं मला पटेना.

शेवटी ऊन अडवणारी काच घेतली आणि नैऋत्येच्या उन्हासाठी छपरातच उघडणाऱ्या दोन झडपा बसवून घेतल्या. त्यासाठी मात्र मी खर्चाचं कारण ऐकून घेतलं नाही.