काचेचा तंबू

कापड म्हटले की आमच्या मालेगावात तीन प्रश्न विचारले जातात. मीटरला भाव काय, मजुरी किती सुटली आणि माल उठला का. हे कापड काय काय सोसू शकते, हा चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो विचारणाऱ्या विद्येला हल्ली 'टेक्निकल टेक्स्टाइल' म्हणतात. केंद्र सरकारने २०२० साली त्यासाठी १४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय मिशन मंजूर केले, तेव्हा हा शब्द आमच्याकडेही ऐकू येऊ लागला. पण आमच्या मोहल्ल्यातली माणसे असल्या कापडाखाली झोपून आली, त्याला तोवर कितीतरी वर्षे लोटली होती. मिनाच्या मैदानात.

१५ एप्रिल १९९७. जिल्हजची आठ तारीख. मिनामध्ये सुती तंबूंची वस्ती पसरलेली, तंबूंत स्वयंपाकाचे गॅस, बाहेर जोराचा वारा. आग लागली आणि सुमारे सत्तर हजार तंबू जळाले. ३४३ हाजी गेले, दीड हजारांवर जखमी झाले. मृतांमध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेशचे लोक पुष्कळ होते. आमच्या गल्लीतले एक बुजुर्ग त्या वर्षी हजला होते. उभी हयात लूमवर गेलेली. ते सांगायचे, "बेटी, कपड़ा जलते बहोत देखा. उड़ उड़ के जलते पहली बार देखा." पेटलेला कपडा वाऱ्यावर उठायचा आणि पुढच्या तंबूवर जाऊन बसायचा.

त्यानंतर मिनात नवे, कायमचे तंबू उभे राहिले. आज त्यांची संख्या लाखावर आहे. त्यांचे कापड काचेच्या धाग्याचे आहे, वर टेफ्लॉनचा लेप. काच वितळवून अतिशय बारीक छिद्रांतून ओढली की तिचा तंतू होतो, माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. तो पिळायचा, ताणा लावायचा, बाणा टाकायचा. माग तोच, फक्त सूत वेगळे. काच पेट घेत नाही आणि ताण मोठा सोसते. पण एकमेकांवर घासली की तुटते. टेफ्लॉनचा लेप तिला घासण्यापासून, पाण्यापासून, उन्हापासून राखतो. दोघांच्या जोडीने जे होते ते एकट्याने होत नाही. याला इंग्रजी पुस्तके कंपोझिट म्हणतात. मातीच्या भिंतीत भुसा कालवणाऱ्या आमच्या नानीला हे नाव ठाऊक नव्हते, पण भुसा नसला की भिंत तडकते हे ठाऊक होते.

या कापडाचा इतिहास वाचू लागले तर तिथेही आधी आगच भेटली. २७ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेत अपोलो १ यानाची जमिनीवरच चाचणी चालू असताना आत आग लागली आणि तीन अंतराळवीर गेले. त्यानंतर चांद्रवीरांच्या पोशाखाचा वरचा थर नायलॉनऐवजी टेफ्लॉन दिलेल्या काचतंतूच्या कापडाचा झाला. त्याच जातीचे कापड पुढे इमारतींच्या छतावर आले. जेद्दा विमानतळाचे हज टर्मिनल १९८१ साली खुले झाले, त्याचे छप्पर याच कापडाचे. २१० तंबू, प्रत्येक ४५ मीटर चौरस. ऊन बरेचसे परत फेकले जाते, मऊ उजेड तेवढा खाली येतो आणि गरम हवा वरच्या तोंडातून निघून जाते. त्याच्या रचनेत फजलुर रहमान खान यांचा मोठा वाटा होता. बंगालमध्ये जन्मलेले, शिकागोचा सिअर्स टॉवर उभा करणारे अभियंता. १९८२ साली त्यांना मौत आली, तीही जेद्दातच.

इथे माझे मन अडकते. १९८१ पासून लाखो हाजी न जळणाऱ्या कापडाखालून गेले आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर सुती तंबूत झोपले. सोळा वर्षे. कापड होते, ज्ञान होते. चार-पाच दिवसांच्या मुक्कामाला एवढे महाग कापड कशाला, असा हिशेब झाला असावा. सुती तंबू स्वस्त होता, एवढे मात्र खरे.

आणि नुसत्या कापडानेही भागत नाही. तंबू जळला नाही तरी आतली गादी, चादर जळतेच. टेफ्लॉन फार तापले तर विषारी धूर सोडते. म्हणून तंबूंत गॅस पेटवायला बंदी आली, आत पाण्याचे फवारे बसले. अशा फवाऱ्याच्या तोंडाशी पुष्कळदा द्रव भरलेली बारीक काचेची कुपी असते. सर्वत्र दिसणारी लाल कुपी ६८ अंशांना फुटते आणि पाणी सुटते. ना वीज, ना बटण. 'स्मार्ट' हा शब्द आता मोबाइलपासून झाडूपर्यंत कशालाही चिकटवतात. मला विचाराल तर तो या कुपीला शोभतो.

माझी अम्मी काही वर्षांपूर्वी हजला जाऊन आली. लग्नानंतर वीस वर्षे तिने घरी कांड्या भरल्या आहेत. तिथले सगळे सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "खेमे का कपड़ा हाथ लगा के देखी मैं. ऊपर से चिकना है, पर अंदर बुनाई है." लाखो लोक त्या भिंतीला टेकून बसले असतील, बुनाई बोटांना कळली ती कांड्या भरणाऱ्या बाईला.

आठवीच्या वर्गात कृत्रिम तंतू शिकवताना मी हे सांगते. आमच्या उर्दू शाळेतल्या निम्म्या मुलींचे वडील लूमवर आहेत आणि "अब्बा क्या करते?" विचारले की त्या आवाज खाली आणतात. फायबरची टाकी दुरुस्त करणाऱ्याकडून मी काचेच्या विणलेल्या कापडाची एक पट्टी आणली होती. त्याची कुसळे हाताला टोचतात म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करूनच वर्गात फिरवली. शेवटच्या बाकावरच्या मुलीने ती खिडकीपाशी धरली. "प्लेन है, टीचर. एक ऊपर, एक नीचे." मग म्हणाली, "हमारे लूम पे ये चलेगा?" मी म्हटले, विणून होईलही कदाचित, पण लेप देणारे यंत्र, तपासणारी प्रयोगशाळा, हमीचे कागद हे सगळे त्यानंतर लागते. भाव त्याचाच मिळतो.

तिचे समाधान झाले नाही. तिने टीव्हीवर मदिन्याच्या मस्जिदे नबवीच्या मोठमोठ्या छत्र्या पाहिल्या होत्या. "वो तो रोज खुलती बंद होती. काँच रोज मोड़ेंगे तो टूटेगा नहीं?"

प्रश्न नेमका होता. त्या छत्र्यांना काचेचे कापड चालत नाही, याच कारणाने. तिथे धागाच टेफ्लॉनच्या जातीचा घ्यावा लागला, जो हजारदा दुमडला तरी चिरत नाही. मी हे सांगत होते तोवर तिने पिशवीवरूनच पट्टीची घडी घातली होती. नखाने दाबली, उलगडली, पुन्हा उजेडात धरली. घडीवर पांढरी रेघ उमटली होती.