बार्शी लाइटच्या पुढे

बार्शी लाइट म्हटले की आमच्या भागातल्या जुन्या माणसांना अजून हसू येते. चालत्या गाडीतून उतरावे, शेताच्या बांधावर बसून निवांत तंबाखू मळावी आणि पुन्हा त्याच डब्यात चढून आपली जागा धरावी, असे तिच्याबद्दल सांगत. सांगणाऱ्या प्रत्येकाने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असे. निदान त्याच्या मामाने तरी पाहिलेले असेच! गाडी थट्टा करण्याजोगी होतीही. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी ती सुरू केली. पुढे एका अंगाने ती पंढरपुरावरून मिरजेला आणि दुसऱ्या अंगाने लातूरला जाऊन पोहोचली. १९५४ साली ती सरकारने घेतली आणि २००८ साली बार्शीला रुंद रूळ आले, तेव्हा ती गेली. पण ज्यांचा संसारच त्या गाडीत सुरू झाला, त्यांना तिची थट्टा एका मर्यादेपलीकडे सोसत नाही. मी त्यांतलाच एक.

१९७६ साली आमचे लग्न झाले आणि पाचव्या दिवशी वडिलांनी आम्हां दोघांना विठोबाच्या दर्शनाला धाडले. डबा इतका अरुंद, की समोरासमोर बसले तर गुडघ्याला गुडघा लागे. ही वैरागकडच्या एका खेड्यातली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी खाऊन मॅट्रिक झालेली. मी भुसार बाजारातल्या एका अडत दुकानात हिशेब लिहिणारा. शेंद्री येईपर्यंत आम्ही दोघेही खिडकीबाहेर पाहत होतो. मग हिने हळूच विचारले,

“ही गाडी कुठवर जाते?”

“मिरजेपर्यंत.”

“आणि त्याच्या पुढं?”

आता नवऱ्याने नव्या नवरीपुढे ‘मला ठाऊक नाही’ म्हणायचे म्हणजे कठीणच! त्या काळी मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके फार स्वस्तात मिळत, आणि त्यांतली चार-दोन माझ्या वाचनात आली होती. मी ऐटीत सांगितले, “मिरजेच्या पुढचं सोड. रशियात एक गाडी आहे, ती आठवडाभर चालतच राहते.”

“मग एकदा जाऊ की,” ही म्हणाली. जणू मोडनिंबला जायचे होते.

ते ‘एकदा’ यायला त्रेचाळीस वर्षे लागली. मध्ये आईचे दुखणे आले, मुलीचे शिक्षण आले, घरावरचे पत्रे काढून स्लॅब आला. मुलगी पुण्यात नोकरीला लागली, तिचा संसार झाला, आणि तिने आईकडून ही गोष्ट कधीतरी ऐकली असावी. २०१९ च्या सप्टेंबरात तिने आमची तिकिटे हातात ठेवली : मॉस्को ते व्लाडिवोस्टॉक, ९२८८ किलोमीटर.

हा लोहमार्ग आमच्या बार्शी लाइटहून थोडाच मोठा भाऊ. त्याची पायाभरणी १८९१ साली व्लाडिवोस्टॉकला रशियाच्या युवराजाच्या हस्ते झाली. हाच युवराज त्याआधी काही महिने आपल्या मुंबईलाही येऊन गेला होता. गंमत अशी, की तो मार्ग पाच फुटी धरून बांधला गेला, म्हणजे बार्शी लाइटच्या बरोबर दुप्पट. हा हिशेब मी मॉस्कोच्या फलाटावर हिला सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे डबा तरी दुप्पट असेल!”

डबा ऐसपैस होता. चौघांची एक खोली. खाली दोन बाके, वर दोन, मध्ये छोटेसे टेबल. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब, दिवसरात्र तापलेला. डब्यावर देखरेख करणारी बाई जाडजूड आणि करड्या आवाजाची. पण तिने धातूच्या नक्षीदार कडीतले काचेचे पेले आणून दिले, आणि हिने त्यांत बार्शीची चहापूड व साखर घालून चहा केला, तेव्हा ती बाई दारात थबकून वास घेऊ लागली. दुसऱ्या दिवसापासून तिचाही पेला आमच्या टेबलावर आला. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्या शिदोरीवर आम्ही आशिया खंडात शिरलो.

हिने आपले घड्याळ बार्शीच्या वेळेवरच ठेवले होते. मॉस्कोत ते अडीच तास पुढे होते. एकातेरिनबुर्गला अर्धाच तास पुढे राहिले आणि ओम्स्कला अर्धा तास मागे पडले. “मधे कुठंतरी आपण बार्शीच्या वेळेवरून गेलो म्हणायचं,” ही म्हणाली. बाहेर बर्च झाडांची पांढरी खोडे धावत होती. ती संपतील असे दिवसभर वाटे आणि ती संपत नसत. वाचायला मन लागेना, भाषा येईना, काम नाही, कुणी दार वाजवीत नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की त्या पंढरपूरच्या प्रवासानंतर आम्ही दोघे असे समोरासमोर कधी बसलोच नव्हतो. घरात मी बाहेरच्या खोलीत, ती चुलीपाशी. आणि मध्ये नेहमी कुणीतरी.

नोवोसिबिर्स्कला आमच्या खोलीत एक आजी आणि तिचा सहा-सात वर्षांचा नातू आले. पोर कंटाळून रडवेले झाले, तशी हिने चार शेंगा टेबलावर ठेवल्या आणि बोट लावून म्हटले, “एक, दोन, तीन, चार.” चुकला की शेंग हिची, बरोबर आला की त्याची. सायंकाळपर्यंत तो वीसपर्यंत पोहोचला होता. हिने त्याला एकदाही रागावले नाही, आणि एकदाही स्वतः उत्तर सांगून टाकले नाही. मी पाहत होतो. आजीने माझ्याकडे वळून, हिच्याकडे बोट करून विचारले, “उचीतेल्नित्सा?”

मुलीने दिलेल्या शब्दांच्या वहीत तो शब्द होता.

“काय विचारतात त्या?” हिने मला विचारले.

“तू शिक्षिका आहेस का, म्हणून.”

“नाही म्हणून सांगा,” ही शेंगा गोळा करीत म्हणाली. “अर्ज केला होता, पण घेतलं नाही म्हणावं.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. वरच्या बाकावर ते पोर झोपेत काहीतरी पुटपुटत होते.

इर्कुट्स्कला आजी-नातू उतरले. पोराने खिडकीखाली उभे राहून बोटांवर वीस मोजून दाखवले. त्यानंतर काही तासांनी बैकाल सरोवर आले. सोळाशे मीटरांहून अधिक खोल असलेले ते पाणी गाडीच्या अंगालगत घटकाच्या घटका सोबत चालत होते. आम्ही टँकरच्या गावची माणसे. पाहून हिचे डोळे भरून आले. “एवढं पाणी!” एवढेच ती म्हणाली. आणि मला वाटले, आता नाही सांगितले तर कधीच सांगणार नाही.

“सोलापूरहून नकार आला नव्हता,” मी म्हणालो. “अठ्ठ्याहत्तर सालचा तुझा डी.एड.चा अर्ज. तो गेलाच नव्हता. मी पोस्टात टाकलाच नाही.”

तो लिफाफा मी दुकानाच्या चोपड्यांत ठेवला होता. आईचे पथ्यपाणी कोण करणार, म्हणून उद्या टाकू, परवा टाकू करीत मुदत गेली. पण आई हे निमित्त होते. माझा पगार दोनशेच्या आत. मास्तरीण झालेल्या बायकोपुढे आपण कसे दिसू, ही धास्ती खरी. मग एक दिवस ‘त्यांनी घेतलं नाही’ असे मी सांगून टाकले, आणि त्या दिवाळीत नव्या चोपड्यांची पूजा झाल्यावर जुन्या बांधताना तो लिफाफा बंबात घातला. हे सगळे मी तिला सांगितले. काही वगळले नाही.

ती काही बोलली नाही. उठली आणि बाहेर बोळात जाऊन खिडकीशी उभी राहिली.

पुढचे दोन दिवस आमच्या खोलीत तिसरे कुणी आले नाही. चीता गेले, डोंगर गेले, ओसाड माळ गेले. तिने माझ्यापुढे भाकरी ठेवली, चहा ठेवला; चटणी संपत आली आहे एवढे सांगितले. शब्द तेवढेच. बार्शी लाइटमध्ये कुणावर रुसले तर माणूस उतरून चालू तरी लागे. येथे ती सोयही नव्हती.

हबारोव्स्कच्या अलीकडे आमूर नदीवरचा अडीच किलोमीटरांहून लांब पूल लागला. गाडीचा आवाज पोकळ झाला. पुलाच्या मध्यावर ती म्हणाली,

“बार्शीचं पोस्ट आपल्या घरापासून किती लांब होतं हो?”

“असेल दोन फर्लांग.”

“दोन फर्लांग,” ती म्हणाली. “आणि एवढं सांगायला मला रशियात आणलंत.”

मी मान खाली घातली.

“माफ केलं असं काही मी म्हणणार नाही,” ती सावकाश म्हणाली. “आई आजारी आहेत, जाऊ नको म्हणाला असतात, तर मी ऐकलं असतं. भांडले असते, पण ऐकलं असतं. मला इतकी वर्षं वाटत आलं, माझ्यातच काही कमी होतं. पोरीचा अभ्यास घेताना वाटायचं, आपल्याला तर त्यांनी घेतलं नाही, आपण कशाला शिकवावं.”

यावर मला उत्तर नव्हते, आजही नाही. पूल संपला. मघापासून टेबलाखाली तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला होता. तो तिने बाजूला घेतला नाही.

व्लाडिवोस्टॉकच्या फलाटावर ९२८८ आकडा कोरलेला खांब आहे. तिथे सगळे प्रवासी फोटो काढतात, तसे आम्हीही काढले. पुढे समुद्र, रूळ तिथे संपतात. ‘त्याच्या पुढं?’ असे या वेळी तिने विचारले नाही. तिने स्टेशनाजवळच्या पोस्टातून एक चित्रकार्ड घेतले, उभ्याउभ्याच पुण्याच्या नातीला चार ओळी लिहिल्या आणि तिकीट चिकटवले. मी सवयीने हात पुढे केला.

“दे, टाकतो.”

“नको,” ती म्हणाली. “मीच टाकते.”

पेटीच्या फटीत कार्ड सरकवून ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

आम्ही घरी आलो, फराळ झाला, दिवाळी आटोपली, तरी कार्ड आले नाही. नोव्हेंबर संपता संपता एका सायंकाळी नातीचा फोन आला. आजीचे कार्ड आजच मिळाले, म्हणून तिने ते मोठ्याने वाचून दाखवले :

‘गाडीत मी एका मुलाला वीसपर्यंत आकडे शिकवले. हुशार होता. तुझी आजी.’

“आणखी काय लिहिलं आहे?” मी विचारले.

“आणखी काही नाही, आबा.”

स्वयंपाकघरात ही भाकरी थापत होती. तिला ऐकू गेले असावे. तिची थाप क्षणभर थांबली, आणि मग पुन्हा सुरू झाली.