परमुलखातला नाताळ

नाताळात बर्फ पडतो हे आम्ही लहानपणापासून भेटकार्डांवर पाहत आलो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बर्फ पडत नाही, कापूस पिकतो. म्हणून नाताळच्या गोठ्याच्या छपरावर मुले दरवर्षी घरचा कापूस पिंजून पसरतात आणि बेथलेहेमवर पांढऱ्या सोन्याचा हिमवर्षाव होतो. 2018 सालचा नाताळ जर्मनीतील बव्हेरियात, एका खेड्यातील धर्मगुरूंच्या जागी सेवा करीत घालविण्याचा योग आला, तेव्हा खरा बर्फ पाहावयास मिळणार म्हणून आम्ही दोन लोकरी बंड्या अधिक घेतल्या. तेथे आठवडाभर पाऊस पडला. आमच्या कापसाच्या बर्फाची हकीकत ऐकून तेथील एका शेतकऱ्याने मात्र अत्यंत गंभीरपणे विचारले, "किलोला काय भाव मिळतो?" शेतकरी कोठलाही असो, त्याचा पहिला प्रश्न एकच!

तेथील कायद्याप्रमाणे 24 डिसेंबरला दुपारी 2 वाजता दुकाने बंद होतात. आपल्याकडे सणाच्या आदल्या दिवशी दुपारी 2 वाजता बाजार कोठे नुकता रंगात येत असतो. साडेचारच्या सुमारास अंधार पडला आणि रस्त्यावर चिटपाखरूही दिसेना. दारे लावून प्रत्येक कुटुंब आपापल्या झाडाभोवती बसलेले. बंद खोलीतून घंटी वाजते आणि मुले भेटवस्तूंकडे धाव घेतात. त्या भेटी नाताळबाबा आणीत नाही, ख्रिस्तबाळ आणतो. संत निकोलस 6 डिसेंबरलाच, डोक्यावर बिशपांचा मुकुट घालून, येऊन गेलेला असतो. ख्रिस्तबाळाची ही चाल 16 व्या शतकात मार्टिन ल्यूथर यांच्या अनुयायांत रुजली असे मानतात. आज कॅथलिक बव्हेरिया तिला जिवापाड जपतो, आणि आमच्या बाजारात लाल टोपीवाला नाताळबाबा 'तिकडचा' म्हणून विकला जातो!

खरी गंमत बैलाची. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 साली इटलीतील ग्रेचो येथे जिवंत बैल व गाढव आणून नाताळचा देखावा उभा केला. त्याचा वंशविस्तार तेथे चर्चोचर्ची दिसतो. आम्ही आमच्या गोठ्याचे छायाचित्र दाखविले, तेव्हा एका मुलीने विचारले, "फादर, तुमच्या बैलाच्या पाठीवर ती पिशवी कसली?" ते वशिंड होते! तिकडच्या बैलाला वशिंड नसते. आमच्या पोरांनी तो बैल पाहिला असता, तर याचे जू टेकवावे कोठे, अशी चिंता त्यांना पडली असती. गंमत अशी की, शुभवर्तमानातील जन्मकथेत बैलही नाही आणि गाढवही नाही. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ती जोडी आहे. परंपरेने तिला तेथून आणून गव्हाणीपाशी बांधले. तेव्हा वशिंडाचा वाद शास्त्राधारे मिटणारा नव्हे.

मध्यरात्रीच्या मिस्सेपूर्वी मात्र आमचे हसू थांबले. चर्चला लागूनच दफनभूमी होती. अंधारातून कुटुंबेच्या कुटुंबे आली आणि एकेका कबरीवर तांबडा दिवा ठेवू लागली. काही कबरींवर सुचिपर्णी झाडाची चिमुकली रोपेही सजविलेली होती. मिस्सेची तयारी पाहणाऱ्या वृद्ध बाई पतीच्या कबरीपाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना आज घरी येता येत नाही, म्हणून आम्हीच त्यांच्याकडे येतो."

आपल्याकडे मृतांचे स्मरण 2 नोव्हेंबरला. ज्या घरचे माणूस त्या वर्षी गेले, त्या घरी सण नाही, कढई चढत नाही, आकाशकंदील लागत नाही. शेजारी फराळाचे ताट पोहोचवितात, ही माया खरीच. पण ते घर सणाच्या रात्री अंधारात राहते. आणि माणूस कर्जापायी स्वतःच्या हाताने गेलेला असला, तर त्याचे नावदेखील कोणी उच्चारीत नाही. असे एक घर आमच्या धर्मग्रामात होते.

2019 च्या आगमनकाळात आम्ही वेदीवरून सुचविले की, 24 तारखेस सायंकाळी दफनभूमीत दिवे लावू या. एक ज्येष्ठ गृहस्थ नंतर भेटून म्हणाले, "फादर, सणासुदीले मसणात कोन जाते जी?" शंका रास्त होती. पिढ्यान् पिढ्यांची चाल ती. आम्ही आग्रह धरला नाही, केवळ आम्ही स्वतः जाणार एवढेच सांगितले.

त्या सायंकाळी सात-आठ कुटुंबे आली. सर्वांच्या मागून ती विधवा भगिनी दोन मुलींसह आली. पदराखाली पणत्या होत्या. वाती तिने घरच्याच कापसाच्या वळल्या होत्या, ज्या शेताने तिचा धनी नेला त्याच शेतातल्या. आम्ही मृतांची नावे पुकारली. तिच्या पतीचे नाव आले तेव्हा क्षणभर कोणी बोलेना. मग तिनेच ते स्पष्टपणे, सर्वांना ऐकू जाईल असे, पुन्हा उच्चारले, आणि भोवतीच्या मंडळींनी त्याच्यासाठी प्रार्थना म्हटली.

आता ही चाल आमच्याकडे रुळली आहे. मसणाची शंका काढणारे ते गृहस्थ हल्ली तेलाची बाटली घेऊन सर्वांच्या पुढे असतात. वाती मात्र अजून त्या घरूनच येतात.